उद्या मेडिकल आहे

मार्च उजाडला की तासगावात दोन गडबडी एकदम सुरू होतात. एक बेदाण्याच्या शेडवर, दुसरी विम्याच्या मेडिकलची. कुणाला आयकर वाचवायचा असतो, एजंटला टार्गेट गाठायचं असतं, आणि ३१ तारखेच्या आत प्रपोजल पूर्ण व्हावं म्हणून दोन मोटरसायकलींवर बसून चार-चार माणसं दवाखान्यात येऊन धडकतात. माझी जनरल प्रॅक्टिस आहे आणि तिच्या जोडीला बरीच वर्षं आयुर्विमा कंपन्यांच्या पॅनेलवर काम करतोय. बहुतेकांचा आदल्या संध्याकाळी फोन येतो. प्रश्न एकच असतो. "डॉक्टर, उद्या मेडिकल आहे. काय तयारी करून येऊ?"

पूर्वी मी "रात्री जेवल्यावर काही खाऊ नका" एवढं सांगून फोन ठेवायचो. आता तसं करत नाही. लोकांच्या मनातली तयारी आणि खरी तयारी यात फार अंतर आहे, हे या कामानं मला शिकवलं. लोकांना उद्याचा आकडा चांगला यायला हवा असतो. जे खरं आहे ते कागदावर नीट यावं, ही तयारी कुणाच्या डोक्यात नसते.

तपासणी तशी साधीच असते. उंची, वजन, श्वास भरून आणि सोडून छातीचं माप, पोटाचा घेर, नाडी, बीपी. ओळखीच्या दोन खुणा, म्हणजे तीळ किंवा जखमेचा व्रण. मग प्रश्नांची लांबलचक यादी. वय आणि विम्याची रक्कम वाढेल तसं रक्त, लघवी, ईसीजी, कधी ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी. कुणाच्या कोणत्या तपासण्या करायच्या हे कंपनी ठरवते. डॉक्टरनं फक्त तपासायचं आणि लिहायचं. विमा द्यायचा की नाही हे माझ्या हातात नसतं. पण समोरचा माणूस हे शेवटपर्यंत मानत नाही. "तेवढं बघा की डॉक्टर," असं म्हणत तो माझ्याकडे बघत राहतो.

एकदा रविवारी सकाळी एक गुरुजी आले. शर्ट कॉलरपर्यंत भिजलेला, बोटं थरथरत होती, नावही दोनदा विचारावं लागलं. ग्लुकोमीटर लावला तर साखर ५४. आधी ग्लुकोजचं पाणी पाजलं, कॉटवर आडवं केलं. थोड्या वेळानं रंग परतला आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली. आदल्या दिवशी दुपारनंतर पोटात अन्नाचा कण नव्हता. रात्री शुगरची गोळी घेतली होती, पहाटे आणखी एक, आणि वर कारल्याचा रस. हे सगळं पाठ टेकून नीट बसता येईपर्यंत त्यांनी सांगितलं आणि लगेच विचारलं, "आता रिपोर्ट बिघडला काय हो डॉक्टर?" जीव जाता जाता वाचला होता आणि माणसाला काळजी रिपोर्टची!

एवढं करून मिळवलं काय? कंपनीनं एचबीए१सी मागवलं होतं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते ही तपासणी सांगते. ६.५ किंवा जास्त आलं की मधुमेह. एका रात्रीच्या उपासानं त्यात काही फरक पडत नाही. सौद्यात बेदाण्याचा व्यापारी बॉक्सच्या वरच्या थरावर भाव करत नाही, खाली हात घालून मूठभर काढतो. ही तपासणी तसंच करते. गुरुजींचं आठच्या वर आलं. त्यांना मधुमेह होता हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त फॉर्मला.

म्हणून आता फोनवर मी सांगतो ते असं. रात्री नेहमीचं जेवण, नेहमीच्या वेळी, जरा हलकं. त्यानंतर दहा-बारा तास काही नको, पाणी मात्र प्या. चहा नको, बिनसाखरेचाही नको. बीपीची गोळी रोजच्यासारखी घोटभर पाण्यासोबत घ्या. शुगरची गोळी रक्त दिल्यानंतर नाश्त्यासोबत, आणि इन्सुलिन असेल तर आधी आपल्या डॉक्टरला विचारा. दारू घेत असाल तर दोन-तीन दिवस थांबा, कारण ट्रायग्लिसराइड लगेच चढतं. बायकांची पाळी चालू असेल तर तसं सांगून तारीख पुढं घ्या. लघवीत रक्ताच्या पेशी दिसल्या की कंपनी पुढच्या चार तपासण्या मागत बसते. लोक हे ऐकून थोडे हिरमुसतात. त्यांना एखादा हमखास उपाय हवा असतो.

आमच्या भागात तालमी आहेत, त्यामुळे पहिलवान गडीही येतात. त्यातला एक जण लक्षात राहिला. वय पंचविशीतलं, मान खांद्यात मिसळलेली, नाडी मिनिटाला पन्नास, वजन उंचीच्या तक्त्यात कुठेच न बसणारं. बीपी उत्तम. पण लघवीत प्रथिनं, यकृताचे आकडे वाढलेले, क्रिएटिनिन काठावर. कागदावरून बघणाऱ्याला हा माणूस आजारीच वाटणार. विचारल्यावर म्हणाला, आदल्या संध्याकाळी जोर-बैठका जरा जास्तच मारल्या होत्या, "मेडिकल हाय म्हणून!" जबर व्यायामानं स्नायूंमधली एन्झाइम रक्तात उतरतात, त्यातली काही यकृताच्या तपासणीतही दिसतात. लघवीत प्रथिनंही तात्पुरती येतात. त्याचं सगळं रिपोर्टात लिहिलं. कंपनीनं पुन्हा नमुना मागितला तेव्हा त्याला तीन दिवस तालमीत पाऊल टाकू दिलं नाही. आकडे खाली आले. जिमला जाणाऱ्या मुलांना म्हणून मी हे आधीच सांगतो, आणि पावडरचे डबे चालू असतील तर तेही नावानिशी सांगायला लावतो.

बीपीची गोष्ट वेगळी. तिथं माणूस खोटं बोलत नसतो, त्याचं शरीर घाबरलेलं असतं. रात्रपाळी करून थेट आलेला एसटीचा ड्रायव्हर, जिना चढून, मोबाइलवर बोलत, तसाच खुर्चीत बसला. बीपी १६०/१००. चेहरा उतरला. मी म्हटलं, तुम्हाला लघवीला लागलीय का? तर हो म्हणाला, नमुना द्यायचा म्हणून तासभर दाबून धरली होती. त्याला आधी आत पाठवलं. मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, तोंड बंद, असं शांत बसवलं. पाच-सात मिनिटांनी १४४, आणखी थोड्या वेळानं १३६. तिन्ही आकडे लिहिले. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तरी बीपी जास्त येतं, हे तर कित्येक डॉक्टरही विसरतात. तपासणीला येणाऱ्यानं यातलं काही केलं नाही तरी चालेल, पण दहा मिनिटं आधी यावं. आमच्याकडे लोक दहा मिनिटं उशिरा येतात आणि मग मशीनला दोष देतात.

तंबाखूबद्दल किती लिहू! "तंबाखू खाता का?" हा प्रश्न विचारताना समोरच्याच्या गालात बार असतो आणि मान मात्र नाही म्हणून हलते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण आमच्याकडे माव्याला कुणी तंबाखू समजतच नाही. टर्म प्लॅनसाठी आता कोटिनीनची तपासणी करतात. निकोटीन शरीरातून काही तासांत जातं, पण त्याचं कोटिनीन होतं आणि ते पुढं कित्येक दिवस लघवीत सापडतं. सकाळी मावा खाल्ला नाही म्हणून सुटका होत नाही.

एक मावशी मात्र खरोखर निष्पाप होत्या. पतपेढीत नोकरी, मुलाच्या आग्रहानं विमा काढत होत्या. विडी, सिगारेट, तंबाखू, सगळ्याला ठाम नाही. कोटिनीन पॉझिटिव्ह. मुलगा चिडून आला, नमुना बदलला असणार म्हणाला. मी मावशींना एवढंच विचारलं, "दात कशानं घासता?" त्या म्हणाल्या, "मिश्रीनं की." तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच ती, पण घरात तिला कुणी व्यसन म्हणत नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास हिरड्यांना चोळलेली. कंपनीनं त्यांना तंबाखू सेवनाचा दर लावला आणि नियमानं तो बरोबरच होता. तेव्हापासून मी "तंबाखू" हा शब्द एकटा वापरत नाही. मिश्री, मावा, गुटखा, तपकीर, विडी अशी सगळी नावं घेतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं लिहितो. बायकांना विचारताना तर पहिलं नाव मिश्रीचंच.

या कामातला माझा सगळ्यात मोठा बदल एका साध्या गोष्टीनं झाला. मी एजंटला खोलीबाहेर बसवायला लागलो. तपासणी एकांतात व्हावी हा नियमच आहे, पण सुरुवातीच्या काळात एजंट शेजारच्या खुर्चीवर बसून माणसाच्या वतीनं उत्तरं द्यायचा. मी विचारायचो माणसाला, "नाही" यायचं एजंटकडून. एकदा गर्दी होती म्हणून मी एजंटला म्हटलं, तुम्ही जरा चहा घेऊन या. दार लागलं. समोर चाळिशीचा शेतकरी. ऑपरेशन झालंय का, या प्रश्नाला दोन मिनिटांपूर्वी नाही म्हणालेला. शर्ट काढायला सांगितला तर कमरेच्या वर, एका बाजूला, हातभर लांब व्रण. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "मुतखडा काढला हुता. योजनेतनं फुकाट झालं, म्हणून धरलं न्हाय." पैसे लागले नाहीत म्हणून ऑपरेशन नाही! महात्मा फुले योजनेत झालेल्या ऑपरेशनची नोंद रुग्णालयात पुराव्यानिशी असते, पुढं चौकशीला आलेल्या माणसाला ती सहज सापडते, हे त्याला सांगावं लागलं. डिस्चार्ज कार्ड घरी ट्रंकेत होतं. आणलं, झेरॉक्स जोडली. काही वर्षांपूर्वी काढलेला खडा, किडनीचे आकडे व्यवस्थित. पॉलिसी मिळाली.

एजंटमंडळी यामुळे माझ्यावर नाराज असतात. काही तर माझ्याकडे माणसं आणतच नाहीत. त्यांचंही मी समजू शकतो, प्रपोजल अडकलं की त्यांचं कमिशन अडकतं. पण जे टिकले ते आता स्वतःच दाराबाहेर थांबतात, आणि त्यांच्या क्लेमच्या फाइली अडकत नाहीत असं तेच सांगतात.

डॉक्टरांबद्दलही बोललं पाहिजे. या कामाचं मानधन फार नसतं, म्हणून काही ठिकाणी वजनकाटा कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो आणि वजन माणसाला विचारून लिहिलं जातं. काहींच्या रिपोर्टात सगळ्या गावाचं बीपी १२०/८०. कंपनीत कागद बघणारे खुळे नसतात. अशा डॉक्टरची सही दिसली की ते चार तपासण्या जास्त मागवतात आणि त्रास होतो तो खरोखर १२०/८० असलेल्या माणसाला. भावाच्या जागी भाऊ येऊन तपासून गेल्याचे प्रकारही घडत, म्हणून तर खुणा, फोटो, समोर घेतलेली सही. कोरोनानंतर फोनवर आणि व्हिडिओवर प्रश्न विचारायची पद्धत वाढली. सोय झाली खरी, पण गर्भपात झालाय का हा प्रश्न सून सासूच्या शेजारी बसून ऐकते तेव्हा तिचं उत्तर काय येणार? मी तिला आधी कानाला इअरफोन लावून दुसऱ्या खोलीत जायला सांगतो.

फॉर्ममधला एक रकाना मला फार आवडतो, तो आई-वडिलांचा. हयात आहेत का, वय किती, नसतील तर कितव्या वर्षी आणि कशानं गेले. "वडील कशानं गेले?" "म्हातारपणानं." "वय?" "असतील पन्नास-पंचावन्न." हा संवाद इतक्या वेळा झालाय की आता हसूही येत नाही. पंचावन्नाव्या वर्षी कुणी म्हातारपणानं जात नाही. जरा खणलं की छातीत कळ, मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळाली नाही, असं काहीतरी निघतं. कधी "पायाला गॅंगरीन झालं होतं", म्हणजे बहुधा मधुमेह. फोनवरच्या माझ्या सूचनांमध्ये म्हणून एक सूचना अशी असते, जी कुठल्या माहितीपत्रकात नसते. आदल्या रात्री घरातल्या थोरल्या आत्याला नाहीतर काकांना फोन लावा आणि आजोबा, वडील, चुलते कशानं गेले ते विचारून घ्या. एकानं असं विचारलं तेव्हा वडील आणि दोन्ही चुलते पन्नाशीत हृदयविकारानं गेल्याचं कळलं. तो स्वतः त्रेचाळीस वर्षांचा. विम्याचं पुढं जे व्हायचं ते झालं, पण तो त्याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञाकडे गेला.

जादा हप्ता लागला की लोकांना तो अपमान वाटतो. इंग्रजांच्या काळात परदेशी कंपन्या हिंदी माणसाकडून तो हिंदी आहे एवढ्यासाठीच जादा हप्ता घेत. मुंबईत १८७० साली निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलनं आपल्या लोकांना सर्वसाधारण दरानं विमा दिला. त्या जाद्याला अपमान म्हटलं तर बरोबर आहे. आजचा जादा हप्ता तुमच्या शुगरचा किंवा वजनाचा असतो, आणि तो भरणाऱ्याला त्याचा उपयोगही असतो. माझ्या ओळखीच्या एका दुकानदारानं मधुमेह, गोळ्यांची नावं, पाच वर्षांच्या रिपोर्टांची फाइल, सगळं फॉर्मला जोडलं. हप्ता चांगलाच वाढला. पुढं वर्षभर तो मला भेटला की "डॉक्टर, तुमच्यामुळं भुर्दंड" असं म्हणायचा. दुसऱ्या वर्षी हृदयविकारानं गेला. लवकर आलेला क्लेम म्हणून कंपनीचा माणूस चौकशीला आला, माझ्याकडेही आला. त्याला शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं, सगळं फॉर्ममध्येच लिहिलेलं होतं. पैसे मिळाले.

त्याच सुमारास दुसऱ्या एका घरातली बाई हातात पत्र घेऊन आली होती. नवरा गेलेला, क्लेम नामंजूर. फॉर्म बघितला. हल्ली तो एजंटच्या मोबाइलवर भरतात, माणूस फक्त ओटीपी सांगतो. सगळ्या प्रश्नांपुढे "नाही". नवऱ्यावर आधीच दोन वर्षं यकृताचे उपचार चालू होते आणि त्या रुग्णालयाचे कागद कंपनीनं मिळवले होते. त्याची तपासणी माझ्याकडे झाली नव्हती, तरी तिला कुणीतरी माझ्याकडे पाठवलेलं. ती एकच विचारत होती, "त्यांनी ओटीपी दिला, बाकी एजंटनं भरलं, मग खोटं कोण बोललं?" मी तिला पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार कशी करायची ते सांगितलं, कागद लावून दिले. त्यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यात फॉर्मवर ज्याची सही, उत्तरं त्याची.

विमा कायदा १९३८ चा. त्याचं कलम ४५ एजंट अर्धवट सांगतात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं उलटली की कंपनीला कुठल्याही कारणानं पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, हे खरं आहे. म्हणून "तीन वर्षं निघाली की काही होत नाही" असं सांगून आजार लपवायला लावतात. पण पॉलिसी हप्ता थकून बंद पडली आणि पुन्हा चालू केली, तर ही तीन वर्षं त्या तारखेपासून नव्यानं मोजतात. आणि मृत्यू काही तीन वर्षांची वाट बघत नाही. आत घडलं तर कंपनी जुने कागद उकरते. फसवणूक नसून माहिती चुकली एवढंच ठरलं तर भरलेले हप्ते परत मिळतात. पन्नास लाखांच्या विम्याच्या जागी काही हजार.

विमा नाकारला गेलाच तर तेही वाया जात नाही, असं मला वाटतं. मधुमेह, काठावरची किडनी, न कळता वाढलेलं बीपी, कितीतरी जणांना हे पहिल्यांदा याच तपासणीत कळलं आहे. कंपनीचं पत्र दोन ओळींचं असतं, त्यात नकाराचं कारण नीट लिहिलेलं नसतं. तेव्हा रिपोर्ट मागा आणि ते घेऊन डॉक्टरकडे या. पत्र फाडून दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नका. पुढच्या फॉर्ममध्ये "पूर्वी कुठे विमा नाकारला गेला आहे का" हा प्रश्न असतोच.

शेवटी कारल्याच्या रसापेक्षा उपयोगाची एक गोष्ट सांगतो. पॉलिसी आली की तिच्यासोबत तुम्ही भरलेल्या फॉर्मची प्रत येते. ती उघडून वाचा. आजार, ऑपरेशन, तंबाखू, आई-वडील, आधीच्या पॉलिसी, एकेक उत्तर तपासा. एजंटनं काही वेगळं लिहिलं असेल तर कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. पॉलिसी पटली नाही तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तोवरच्या विमा संरक्षणाचा हिस्सा, मेडिकलचा खर्च आणि स्टॅम्प ड्यूटी कापून बाकीचे पैसे कंपनीनं परत द्यायचे असतात.